बाकी राहिलेली कुस्ती

समोर हात आला की तो हातात घ्यायचा, ही माझी जुनी खोड. सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून आयुष्य काढलं की माणसाच्या अंगी दुसरं काही नाही तरी एवढं लागतंच. या खोडीपायी मी एकदा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं असताना, भरल्या गर्दीत एका नामांकित पहेलवानाला कुस्तीचं आव्हान देऊन बसलो.

झालं असं, की उमरेडकडच्या एका गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे जत्रा, होती. आमच्या कार्यालयातल्या शिपायाचं ते गाव. त्यानं आम्हा नवरा-बायकोला आग्रहानं नेलं आणि सरपंचाशेजारी खुर्च्यांवर बसवलं. दुपारी आमदंगल होती, म्हणजे येईल त्याला खुली कुस्ती. मातीच्या गोलाभोवती माणसंच माणसं, डफडी वाजताहेत, आणि नुसत्या लंगोटावरचा एक पहेलवान गोलाच्या कडेनं फिरतोय. गावातला एक म्हातारा त्याचा उजवा हात धरून पुढे चालत होता आणि एकेका रांगेपुढे तो हात करत होता. मला वाटलं, पाहुण्यांची भेट घालून देऊन राहिले असतील. हात माझ्यापुढे आला. मी लगबगीनं उठलो, तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "अभिनंदन!"

डफडी थांबली. मग ज्या शिट्ट्या सुटल्या त्या अजून माझ्या कानात आहेत. त्या फेरीचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता, एक मी सोडून. या पहेलवानाला तोलामोलाचा गडी मिळालेला नाही, ज्याच्यात हिंमत असेल त्यानं हात धरावा. हात धरला की जोड लागली, म्हणजे कुस्ती ठरली. लाउडस्पीकरवाल्याच्या तर अंगातच आलं. "जोड लागली! नागपूरचे साहेब उतरून राहिले आखाड्यात!" माझी बायको वर्षा पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत होती, जणू आम्ही एका बसनं आलोच नव्हतो.

पहेलवान मात्र हसले नाहीत. हसले असते तर मी तो प्रसंग केव्हाच विसरलो असतो. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, सँडलपासून वर पोटापर्यंत. मग वाकून चिमूटभर माती उचलली, कुस्तीआधी पहेलवान एकमेकांना देतात तशी माझ्या तळहातावर ठेवली, माझी मूठ मिटवली आणि लाउडस्पीकरवाल्याला म्हणाले, "साहेबाची जोड लागली. पन आज साहेब कपड्यात हाय. बाकी ठेवा."

आणि ते पुढे गेले. मूठ उघडायची कुठं हे न कळल्यामुळं ती माती मी पँटच्या खिशात टाकली. दोन दिवसांनी कपडे धुताना वर्षानं विचारलं, "खिशात हळद घालून काहून हिंडता तुम्ही?" आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालतात हे मला तेव्हा कळलं.

तर असे हे पहेलवान. त्यांना नाव होतं, पण ते वापरात नव्हतं. पुढे दवाखान्यात त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा झाला तरी ना ते उठले, ना मी. नंतर कळलं की ते नागपुरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहतात. मंडईनंतर पंधरा दिवसांनी दूध डेअरीवर मागून आवाज आला, "नमस्कार साहेब. आपली एक जोड बाकी हाय."

पुढची दहा वर्षं हाच त्यांचा नमस्कार. बाजारात, बँकेच्या रांगेत, मेट्रोच्या खांबाखाली सिग्नलला उभा असताना शेजारच्या ऑटोतून. माझ्या मुलीच्या लग्नात आहेराचं पाकीट हाती देतानाही ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "आपली जोड बाकी हाय, साहेब, इसरू नका." शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनी आधी त्यांच्या मानेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. व्याही तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात. मीही खुलासा केलेला नाही.

कुस्ती हाच त्यांचा धंदा. दिवाळी झाली की पिशवीत दोन लंगोट आणि तेलाची बाटली घालून ते एसटीनं निघत. उमरेड, भंडारा, पार बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतच्या दंगली करत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. लग्न केलं नव्हतं. गावी एक थोरला भाऊ होता, त्याची थोडी शेती होती. पहेलवानांचे कान मुडपून सुपारीसारखे झालेले, मान डोक्याएवढी रुंद. पण आवाज बारीक. आमच्या घरी येऊन ते "वैनी" अशी हाक मारत, तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे की कोणीतरी दुसरंच बोललं.

चहा ते घेत नसत. वर्षानं पहिल्या दिवशी दूध स्टीलच्या पेल्यात दिलं. त्यांनी एका घोटात ते संपवून पेला इतका आदबीनं खाली ठेवला की दुसऱ्या दिवशीपासून तिनं त्यांच्यासाठी देव्हाऱ्याच्या फळीवरचा पितळी लोटा काढला. माझ्या चहात मात्र त्याच दिवसापासून दूध कमी पडायला लागलं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुम्हाला कुठं कुस्ती खेळायची आहे?" मी म्हटलं, "एक बाकी आहे ना."

माणसाच्या तोंडाकडे ते कमी बघत. "पाय पाहाव मानसाचे," म्हणत. "तोंड शिकवलेलं राहते, पाय नाही राहत." एकदा माझ्या पायांचा निकाल त्यांनी असा दिला: "साहेब, तुमचं वजन टाचेवर हाय. भेले का अजून मागं जाते. म्हनून तुम्ही साऱ्याले हो म्हनता." मी लगेच म्हणालो, "हो." वर्षा आतून हसल्याचं मला ऐकू आलं.

पायांहूनही त्यांचा भरवसा स्वतःच्या हातांवर होता. समोरच्याचं मनगट धरलं की तो खरा आला आहे की खोटा हे आपल्याला कळतं, असं ते सांगत. एका मोठ्या दंगलीत समोरचा गडी आतून ठरवून, पडायलाच आला होता. यांनी मनगट धरलं, सोडलं आणि सरळ गोलाबाहेर येऊन कपडे घालायला लागले. लोक ओरडले, पंचांनी समजूत घातली, पण हे परत उतरले नाहीत. "खोटा पडलेला मानूस अंगावर घेऊन मी झोपू कसा?" एवढंच त्यांचं म्हणणं.

हरलेल्या कुस्त्या मात्र ते जपून ठेवत. "मले अकरा जनानं चीत केलं," म्हणत आणि अकराही नावं गावांसकट, डावांसकट म्हणून दाखवत, जसे आपण लहानपणी परवचा म्हणायचो. मी विचारलं, "हरलेल्या काहून लक्षात ठेवता?"

"जिकलेल्या लोकं ठेवते ना ध्यानात. हरलेल्या आपनच ठेवा लागते."

मला पहेलवान करायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला. आमच्या अंगणात त्यांनी मला बैठका मारायला लावल्या. चौथ्या बैठकीला ते ओरडले, "साहेब, जीभ आत! तुटन ना!" मला पत्ताच नव्हता. वर्षा दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांचं तसंच आहे. खरा जोर लावला की जीभ बाहेर येते. सिलिंडर उचलताना बघा. आणि नुसतं उचलल्यासारखं करतात ना, तेव्हा तोंड अगदी बंद." पंचवीस वर्षं सिलिंडरच्या वेळी ती माझ्या तोंडाकडे का बघते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. पहेलवान बराच वेळ त्या बारीक आवाजात हसत होते.

एका दिवाळीनंतर ते हंगामावरून लवकर परतले. मानेवर, कानाखाली, लिंबाएवढी गाठ होती. आपल्यासारखा माणूस घाबरला असता. पण पहेलवानाची मान ती, तिथं सूज कायमचीच. कोणत्या तरी गावी मानेवर डाव बसला होता, तो त्यांनी जबाबदार धरला आणि रोज तेल लावून गाठ चोळायला सुरुवात केली. चार महिने चोळली. मीही "शेक द्या" असा सल्ला दिला, तो इथं लपवत नाही. खरं काय ते वर्षाला दिसलं. एक दिवस पहेलवान गेल्यावर तिनं लोटा माझ्यापुढे आणून ठेवला. दूध अर्ध्यावर होतं. "उद्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा," ती म्हणाली. "विचारू नका, न्या."

लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर तरुण होता, पण नीट बोलणारा. आजार हटू शकतो, इंजेक्शनांच्या सहा फेऱ्या लागतील, धीर धरा, असं त्यानं सांगितलं. पहेलवानांनी सगळं ऐकून विचारलं, "डॉक्टरसाहेब, पुढचा हंगाम तर सापडन ना?" डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "कुस्तीचं आता मनातून काढा," तो म्हणाला. "औषधं हृदयावर येतात. जगायचं बघू."

बाहेर बाकावर पहेलवान पुष्कळ वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत बसले. मग म्हणाले, "अकरा जनाची नावं मले पाठ हाय. बारावं नाव मी या गाठीचं लिहू देनार नाही, साहेब."

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. तपासणीच्या यंत्रात उताणं झोपायचं होतं, हलायचं नाही. पहेलवान जन्मभर कुशीवर झोपलेले. पाठ टेकून पडून राहायचं हे त्यांच्या अंगालाच मान्य नव्हतं. टेकवली की आपोआप वळत. दोनदा तपासणी वाया गेली, यंत्रावरचा माणूस वैतागला. मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा कुस्तीचा नियम सांगितला. "पहेलवान, मातीला पाठ लागली तर हार. गादीला लागली ती धरत नाहीत."

त्यांनी मान वळवून विचारलं, "कोन म्हनते?"

"मी म्हणतो. आपली जोड लागलेली आहे. मीही या धंद्यातला आहे."

ते उताणे झाले आणि हलले नाहीत.

सहा फेऱ्यांत त्यांचं वजन माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेलं. केस गेले, भुवया गेल्या, मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल फिरायला लागली. दुधाच्या वासानं मळमळे. वर्षानं लोटा घासून परत फळीवर ठेवला आणि त्यांना मुगाचं कढण द्यायला लागली. ते गुमान पीत. त्या आठ महिन्यांत "आपली जोड बाकी हाय" हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. दहा वर्षं ज्या वाक्यानं मी चारचौघांत ओशाळत आलो, त्याची मी वाट बघायला लागलो. एकदा तर मीच आठवण करून दिली. ते नुसते हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या, साहेब."

पण आजार हटला. शेवटच्या तपासणीत काही निघालं नाही. नागपुरातल्या त्यांच्या आखाड्यातल्या मंडळींना आनंद झाला आणि त्यांनी लगेच सत्काराचा घाट घातला. कुस्ती सोडणारा पहेलवान आपला लंगोट बजरंगबलीच्या पायांशी ठेवतो, अशी तिथली रीत. शाल, श्रीफळ, भाषणं आणि मग लंगोट, असा बेत ठरला. पहेलवानांनी साफ नकार दिला. लोकांना वाटलं, मन होत नसेल बिचाऱ्याचं. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले.

"साहेब, पोट्टे पडून राहिले."

"म्हणजे?"

"डाव दाखवाले मी नुसता हात लावतो, अन् धपकन पडते. काल एक पोट्टा मी धरलंच नव्हतं तरी पडला. उस्तादबी म्हनते, वा वा." त्यांनी दोन्ही हात पुढे करून बोटं उघडली-मिटली. औषधांनी बोटांची जाणीव गेली होती, शर्टाची बटणं लावायलाही त्यांना वेळ लागे. "आधी मनगट धरलं का समजे मले. आता मोजे घालून धरल्यावानी वाटते. कोन खरा, कोन खोटा, काहीच समजत नाही. लंगोट ठेवाचा तर एक तरी खरी कुस्ती करून ठेवीन. जिकलो काय, हरलो काय. पन खरी पायजे."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मला सगळ्यांचंच बरोबर वाटतं.

"म्हनून म्हनतो, आपली एक जोड बाकी हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मंडईत हसले नव्हते, तसेच. मी म्हणालो, "अहो पहेलवान, मला कुठं येते कुस्ती?"

"येत नाही, म्हनूनच तं. खोटं पडाले बी कुस्ती याव लागते, साहेब. पोट्ट्याहीले येते. तुमाले नाही येत."

माझ्या अडाणीपणाचा इतका आदरानं कोणी उल्लेख केल्याचं मला आठवत नाही. तरी मी गुपचूप डॉक्टरला जाऊन विचारलं. एका कुस्तीनं काही होईल का? डॉक्टर गंभीर झाला. समोर कोण आहे म्हणाला. मी म्हटलं, "मी." त्यानं माझ्याकडे, विशेषतः पोटाकडे, बघून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग एकदा हरकत नाही. दम लागला की थांबवा. त्यांनाही."

आता मनातलं सांगतो. मी पडायचं ठरवलं होतं. दुसरं करणार काय? माझं वजन शहाऐंशी किलो, त्यांचं जेमतेम साठ. गादी अंगणात आणून मी पडायचा सराव सुरू केला. वर्षानं दोनदा पाहिलं आणि मग विचारलं, "काय करून राहिले तुम्ही?"

"पडायचं कसं ते बघतोय. नैसर्गिक वाटलं पाहिजे."

"त्यांना समजलं म्हणजे?"

"कसं समजेल? हात बधिर आहेत त्यांचे."

"म्हणूनच तर," ती म्हणाली आणि गादी उचलून आत घेऊन गेली.

कुस्ती रविवारी सकाळी, सराव संपून सगळे घरी गेल्यावर ठरली. आखाड्यात हल्ली मुलीही शिकतात, त्यामुळं वर्षाला कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची मिळाली. पंच म्हणून आखाड्याचे उस्ताद होते, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाकी कोणी नाही. मी बर्म्युडावर. पहेलवानांनी मातीला हात लावून कपाळाला लावला, चिमूट उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. अकरा वर्षांपूर्वी मिटवली होती तशीच. माझ्या मागे वर्षाची खुर्ची होती. वळून तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

उस्ताद म्हणाले, "चला."

पहेलवानांनी माझं मनगट धरलं. पकड सैल होती. मला वाटलं, आता हळूच गुडघा वाकवावा. तेवढ्यात त्यांनी मान वर करून माझ्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यभर पाय बघणारा हा माणूस, आता काहीच कळेना म्हणून माझं तोंड वाचत होता. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्यांना ढकललं. सगळ्या शहाऐंशी किलोंनी. ते दोन पावलं, तीन पावलं मागे गेले, पार गोलाच्या कडेपर्यंत. त्यांची छाती माझ्या छातीला लागून भात्यासारखी हलत होती. माझं तोंड त्यांच्या मातीनं माखलेल्या खांद्यात रुतलं होतं. आता हा माणूस पडतो आणि बारावं नाव माझं लागतं, असं वाटलं, तरी मी सोडलं नाही. आम्ही तसेच एकमेकांना रेटत उभे राहिलो. किती वेळ, देव जाणे.

मग त्यांनी एकदम मला स्वतःकडे ओढलं. मी भ्यालो. भ्यालो की माझं वजन कुठं जातं हे गोलातल्या आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मागे रेललो आणि त्याच क्षणी त्यांचा पाय माझ्या टाचेमागे आला. पुढं मला दिसला तो कडुनिंब, त्याच्यावरचं आभाळ आणि त्याखाली खुर्चीवर बसलेली उलटी वर्षा.

"कोन पडलं गा?" उस्तादांनी विचारलं.

पहेलवान गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते. माझ्या तोंडात मातीची चव होती. खारट, तेलकट, थोडी हळदीची. पहेलवानांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी माझ्यावरून पलीकडे पाहिलं आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "वैनी, खरं सांगा. जीभ बाहेर होती का साहेबाची?"

वर्षा खुर्चीवरून उठली. "होती," ती म्हणाली. "सिलिंडरच्या वेळी येते ना, त्याहून जास्त. मला तर वाटलं, तुटते आता."

पहेलवान मातीतच खाली बसले. हसत होते की दम खात होते, सांगता येत नव्हतं. थोड्या वेळानं उठले, मला उठवलं, माझ्या पाठीची माती हातानं झाडली आणि पिशवीतला लंगोट काढून बजरंगबलीच्या पायांशी ठेवून आले. शाल नाही, श्रीफळ नाही. घरी आल्यावर त्यांनी वर्षाला म्हटलं, "वैनी, दूध हाय का?" लोटा फळीवरून खाली आला.

त्याच महिन्यात ते भावाकडे गावी गेले. तिथं गावाबाहेर त्यांनी एक छोटा आखाडा खणून घेतला, कडेला खाट टाकून शिकवायला लागले. मला फोन करत. "नमस्कार साहेब," एवढंच म्हणत आणि जरा थांबत. पुढचं वाक्य आता नव्हतं. मग दोघांनाही बोलायला काही सुचत नसे, तरी फोन लवकर कोणी ठेवत नसे.

दोन वर्षांनी गाठ परत आली. या वेळी त्यांनी कोणाला कळवलं नाही. भावाचा फोन आला तेव्हा संपलं होतं. आम्ही उमरेडची एसटी धरून गेलो. माझ्या आधी गावातली पोरं-पोरी जमली होती, काहींच्या कानांच्या पाळ्या आत्ताच सुजायला लागलेल्या. भावानं सांगितलं, शेवटचे आठ दिवस कुशीवरच होते, उताणे झालेच नाहीत. आता मात्र ते पाठीवर होते. सरणावर ठेवताना मी बघत होतो. खाली बांबू, मग लाकडं. पाठ मातीला कुठं लागली नाही. लाकडाला लागलेली पाठ धरत नाहीत, असं मी मनातल्या मनात म्हटलं. मीही या धंद्यातला आहे. अकरा ते अकराच.

परतीच्या बसमध्ये वर्षा खिडकीशी बसली होती. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं मागे जात होती. मग माझ्या मनात पुष्कळ दिवस होतं ते मी विचारलं. "का गं, त्या दिवशी माझी जीभ इतकी बाहेर आली होती का?"

ती बाहेरच बघत होती. "मला कशी दिसणार तुमची जीभ?" ती म्हणाली. "तुमची पाठ होती माझ्याकडे. मला त्यांचं तोंड दिसत होतं."